जुनीं वाहनें आणि त्यांचा नवा भाव

पुण्याच्या नारायण पेठेची आंखणी चाकांसाठीं झालेली नाहीं. पेशवाईंत वसलेल्या या पेठेचे बोळ पालखी, घोडा आणि पायीं चालणारा माणूस यांच्या मापानें पडले. पुढें टांगा आला, सायकल आली आणि शेवटीं स्कूटर आली. तिला वाड्याच्या दिंडी-दरवाजांतून आंत घेण्यासाठीं उंबऱ्यावर फळी टाकावी लागे. केसरीवाड्यापासून मुठेच्या कांठापर्यंत जे कांहीं जुने वाडे अजून उभे आहेत, त्यांपैकीं एखाद्याच्या चौकांत, तुळशीवृंदावनाच्या आडोशाला, ताडपत्री पांघरून उभी असलेली एक जुनी चेतक स्कूटर अद्यापि दृष्टीस पडते. वीस वर्षांपूर्वीं ती भंगारवाल्यानें वजनावर मागितली असती, आणि घरच्यांनीं ती दिलीहि असती. आज तिच्यासाठीं अनोळखी तरुण दार ठोठावतात आणि "आजोबा, गाडी द्यायची आहे का?" म्हणून विचारतात. वस्तु तीच, वाडा तोच. मग हा मधला फरक कोठून आला, या प्रश्नाकडे श्रोत्यांनीं थोडें लक्ष द्यावें असा तो खास आहे.

चेतकच्या भावाची कथा उलट्या टोंकापासून सांगावी लागते, कारण या स्कूटरला टंचाईचा भाव पहिल्यांदा मिळाला तो ती जुनी झाल्यावर नव्हे, तर ती कोरी असतांना. बजाज घराण्याच्या व्यापारी पेढीनें १९४८ सालापासून परदेशी स्कूटरी आणून विकण्यास आरंभ केला. पुढें इटलीच्या पियाज्यो कंपनीशीं करार होऊन पुण्याजवळ आकुर्डीस व्हेस्पा तयार होऊं लागली. तो करार १९७१ सालीं संपला आणि १९७२ सालीं राणा प्रतापाच्या घोड्याचें नांव धारण करून चेतक बाहेर पडली. त्या काळीं कारखान्यानें किती गाड्या काढाव्या हें सरकारी परवान्यावर ठरे, आणि मागणी त्याच्या कित्येक पट असे. नांव नोंदवून दहा-दहा वर्षें वाट पाहावी लागे. मुलाच्या मुंजींत नोंदवलेली स्कूटर त्याच्या लग्नांत मिळाली, अशी थट्टा पुण्यांत चाले ती अगदींच निराधार नव्हती. परदेशी चलनांत पैसे भरणाऱ्यास गाडी लवकर मिळे, आणि ज्याचा नंबर लागला त्यानें ती दारांत आणतांच मूळ किमतीहून अधिक दाम देणारा मनुष्य उभा असे. म्हणजे वापरलेली गाडी कोऱ्या गाडीहून महाग, हा चमत्कार पुणेकरांनीं एकदां पाहिलेला आहे.

वाट पाहण्याची ही वर्षें आजच्या हौसेच्या मुळाशीं आहेत. जी वस्तु मागतांच मिळते तिच्याभोंवतीं आठवणी फारशा जमत नाहींत. चेतक ही कारकून, शिक्षक आणि छोटा दुकानदार यांच्या घरांतील पहिली यंत्रवस्तु होती. तिच्यावर पुढें उभा राहणारा मुलगा, मागें आडवी बसलेली आई आणि तिच्या मांडीवर तान्हें मूल, असा संसार मंडईंतून परत येतांना दिसे. सकाळीं ती चालू होण्यास कुरकुर करूं लागली कीं तिला एका अंगावर तिरकी करावयाची, क्षणभर तशीच धरावयाची आणि मग लाथ मारावयाची, हा विधि ठरलेला असे. पेट्रोल कार्ब्युरेटरकडे उतरावें एवढाच त्याचा हेतु. पण तो विधि पाहत वाढलेला मुलगा आज पन्नाशीच्या घरांत आहे, आणि त्याच्या खिशांत वडिलांच्या मानानें पुष्कळ अधिक पैसा आहे.

मधल्या काळांत तिचा भाव कसा पडला तेंहि पाहण्यासारखें आहे. १९८५ सालीं शंभर सी.सी.ची चार-फेरी इंजिनाची जपानी धर्तीची मोटारसायकल भारतांत बनूं लागली. ती एका लिटरांत स्कूटरहून कितीतरी अधिक मैल चाले आणि तिच्यांत तेल मिसळावें लागत नसे. पुढें परवान्यांचे निर्बंध सुटले, प्रतीक्षेची यादी नाहींशी झाली आणि यादीबरोबर यादीची प्रतिष्ठाहि गेली. १९९६ व २००० या वर्षीं धुराचे नियम कडक झाले तेव्हां दोन-फेरी इंजिनांवर कुऱ्हाड आली. २००९ सालीं बजाजनें स्कूटर बनविणेंच थांबविलें. त्या दहा-पंधरा वर्षांत पुण्यांतील किती चेतक, सुपर आणि प्रिया तोडल्या गेल्या याची मोजदाद कोणी ठेवली नाहीं, आणि त्यांतच पुढच्या महागाईचें बीज होतें. जी वस्तु घरोघरीं असते ती जपून ठेवावी असें कोणासच वाटत नाहीं.

या बाबतींत पुण्याजवळ एक जुनें उदाहरण आहे. शुक्रवार पेठेंतील राजा केळकर संग्रहालय ज्या संग्रहावर उभें आहे तो दिनकर गंगाधर केळकर यांनीं जमविला तेव्हां त्यांतील बहुतेक वस्तु टाकाऊ गणल्या जात होत्या. अडकित्ते, दिवे, वज्र्या, कोरीव दरवाजे या वस्तूंना मोल आहे ही दृष्टि त्यांची होती. घरवाल्यांना ती अडगळ वाटे. १९७५ सालीं त्यांनीं हें सर्व महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलें. सायकलींच्या या शहरांत सायकलींचें संग्रहालयहि निघालें तें २०१७ सालीं, कर्वेनगरांत, म्हणजे रस्त्यावरून सायकल जवळ जवळ नाहींशी झाल्यावर. स्वस्तांत संग्रह करावयाचा तो लोक हंसत असतांनाच करावा लागतो. लोक वाहवा करूं लागले कीं उशीर झालेला असतो.

परंतु दिव्याची आणि इंजिनाची गोष्ट एक नाहीं. पितळी समई फळीवर ठेवली तरी ती समईच राहते. फटफटी चालली नाहीं तर ती केवळ लोखंडाचा सांगाडा ठरते. म्हणून वाहनाच्या संग्रहाला दुहेरी खर्च येतो, एक विकत घेण्याचा आणि दुसरा जिवंत ठेवण्याचा, आणि या दुसऱ्या खर्चाविषयीं बाजारांत फारसें बोललें जात नाहीं.

त्याआधीं बाजाराचा कल पाहूं गेल्यास नुसत्या प्रपंचाच्या गाड्यांपेक्षां उनाड गाड्यांना भाव अधिक चढला आहे. हा प्रकार मूळचा अमेरिकेंतला. तेथें १९६४ सालीं पाँटियाक कंपनीनें मध्यम आकाराच्या मोटारींत ३८९ घनइंचांचें अजस्र इंजिन बसवून जी.टी.ओ. नांवाची गाडी काढली, आणि त्याच वर्षीं एप्रिलांत फोर्डची मस्टँग अवघ्या २,३६८ डॉलरांपासून मिळूं लागली. या गाड्या श्रीमंतांच्या नव्हत्या. कारखान्यांत काम करणाऱ्या पंचविशीच्या पोरानें हप्त्यानें घ्यावी आणि शनिवारीं रात्रीं गांवाबाहेरच्या रस्त्यावर पळवावी, अशी ती जात होती. विम्याचे वाढते दर, धुराचे कायदे आणि १९७३ सालचा तेलाचा तुटवडा या तिघांनीं मिळून तिचा अंत केला. त्यानंतर कित्येक वर्षें तीं धुडें मातीमोल होतीं. मग तींच पोरें मोठीं झालीं, पैसा बाळगून झालीं आणि आपलें तारुण्य परत विकत घेऊं लागलीं. २०१४ सालीं सिअॅटलच्या लिलावांत १९७१ सालची एक प्लिमथ हेमी-कूडा, उघड्या टपाची, ३५ लाख डॉलरांस गेली. कारागिराच्या पोरासाठीं निघालेली गाडी अशा रीतीनें कारागिराच्या आवांक्याबाहेर गेली.

पुण्याची मस्टँग म्हणजे मोटार नव्हे. या शहराची छाती दोन चाकांवरच फुगते. १९८३ सालीं एस्कॉर्ट्स कंपनीनें यामाहाच्या सहकार्यानें राजदूत ३५० काढली. तिला दोन सिलिंडर आणि सहा गिअर होते, आणि ताकद तीस अश्वशक्तीच्या आसपास होती. तेव्हांचे रस्ते, तेव्हांचीं टायरें आणि तेव्हांचे घरखर्च यांपैकीं कशालाच ती झेपणारी नव्हती. पेट्रोल ती इतकें पिई कीं महिन्याचा हिशेब लिहिणारा गृहस्थ तिच्याकडे पाहून मान फिरवी. सात वर्षेंहि न भरतां ती बंद पडली, आणि त्या काळीं ती पडत्या किमतीस पाहिजे तेथें मिळत असे. १९८५ सालीं आलेली यामाहा आर.एक्स. १०० मात्र सर्वांना परवडली. अठ्ठ्याण्णव सी.सी.ची, हलकी, अकरा अश्वशक्तीची ही गाडी १९९६ सालापर्यंत बनली आणि तिच्या आवाजावरून ती बोळाच्या तोंडाशींच ओळखूं येई. आज चांगली राखलेली आर.एक्स. लाखाच्या पलीकडे मागितली जाते आणि राजदूत ३५० ला कित्येक लाखांची बोली लागते. कोऱ्या गाडीची किंमत आणि ही किंमत यांची तुलना केल्यास रुपयाची घसरण हिशेबांत धरूनहि ही वाढ कौतुकाचीच म्हटली पाहिजे.

जावा आणि येझदी यांचा पंथ निराळा. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यानें १९६० नंतर चेक बनावटीची ही मोटारसायकल भारतांत काढली. १९७३ पासून ती येझदी म्हणून विकली गेली आणि १९९६ सालीं कारखान्याला टाळें लागलें. हिच्यांत लाथेचा दांडा आणि गिअरचा दांडा एकच असतो. तो आंत दाबून उभा केला कीं त्याच दांड्यानें इंजिन चालू करावयाचें, आणि खालीं पाडला कीं त्याच दांड्यानें गिअर बदलावयाचे. नवख्या माणसाला ही युक्ति उमगत नाहीं आणि जाणत्याला ती दुसऱ्यास दाखविल्यावांचून राहवत नाहीं. जावाच्या हौसेंत पैशापेक्षां ही शिकवणूक अधिक आहे. दर वर्षीं जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारीं जगभर जावा-दिन पाळला जातो, तेव्हां इंजिनाचीं दोन्ही झांकणें उघडून एकमेकांस दाखविणारे लोक जितके असतात तितके गाडीचा भाव विचारणारे नसतात. २०१८ सालीं जावाचें नांव पुनः बाजारांत आलें आणि २०२२ सालीं येझदीचेंहि. नव्या गाड्यांमुळें जुन्यांची मागणी कमी होईल असा कित्येकांचा कयास होता, परंतु नव्या गाडीच्या जाहिरातीनें जुन्या गाडीचाच गाजावाजा झाला.

आतां त्या दुसऱ्या खर्चाकडे वळावें. सांगाडा मिळाला कीं इंजिन उघडावें लागतें. सिलिंडर झिजला असेल तर तो लेथवर मोठा करून घ्यावयाचा आणि त्या मापाचा पिस्टन शोधावयाचा. दोन-चार वेळां मोठा केल्यावर सिलिंडरची भिंत इतकी पातळ होते कीं पुढें बाही बसविल्यावांचून गत्यंतर नसतें. पॉइंटांचें अंतर, ठिणगीची वेळ, कार्ब्युरेटरची सुई, हें सर्व कानानें आणि बोटांनीं जुळवावयाचें असतें. सुटे भाग नाना पेठेंत मिळतात, न मिळाल्यास बुधवारीं किंवा रविवारीं जुन्या बाजारांत, तेथेंहि नसल्यास मुंबईच्या चोरबाजारांत. भाग मिळाला तरी तो कारखान्याचा अस्सल कीं हल्लीं कोणी ओतलेला, याची पारख लागते. अस्सल दिव्याची कांच आणि टाकीवरचें पितळी चिन्ह यांसाठीं माणसें शेकडों मैल जातात. ही पारख असलेले फिटर शहरांत पूर्वीं कोपऱ्याकोपऱ्यावर होते. आज त्यांतले बहुतेक साठी-सत्तरी ओलांडलेले आहेत, आणि त्यांचीं मुलें संगणकावर दोष दाखविणाऱ्या नव्या गाड्यांच्या दुकानांत नोकरीस लागलीं आहेत. गाडी आहे, पैसा आहे, पण हात नाहीं, ही अवस्था फार दूर नाहीं. भागांचा तुटवडा पैशानें भरून काढतां येतो. चाळीस वर्षें इंजिन ऐकलेला कान कोणत्याहि बाजारांत विकत मिळत नाहीं.

भाव वाढला कीं लबाडीहि वाढते. तीन मोडक्या गाड्यांतून एक उभी करून ती मूळची म्हणून विकणें, इंजिनावरचे आंकडे खरवडून नवे ठोकणें, हरवलेल्या कागदांच्या जागीं भलतेच कागद दाखविणें, हे प्रकार जेथें किंमत आहे तेथें होणारच. रंगानें चकाकणारी गाडी पाहून भुलणाऱ्यानें आधीं नोंदणीचें पुस्तक मागावें आणि चौकटीवरचा व इंजिनावरचा आंकडा त्याशीं स्वतः ताडून पाहावा.

नारायण पेठेंत आणखी एक अडचण आहे आणि ती पैशाहून मोठी आहे. ती जागेची. १९६१ सालच्या पानशेतच्या पुरानें नदीकांठचे पुष्कळ वाडे पाडले. जे राहिले ते पुढें एकेक करून उतरविले गेले आणि त्यांच्या जागीं सदनिकांच्या इमारती आल्या. वाड्याचा चौक सर्वांचा आणि कोणाचाच नसे. तेथें बंद पडलेली गाडी दहा वर्षें उभी राहिली तरी फार तर एखाद्या आजीबाई कुरकुरत. इमारतीच्या तळमजल्यावर प्रत्येक सदनिकेच्या वांट्यास रेघ मारून दिलेली जागा येते आणि तींत रोजची गाडी उभी करावी लागते. जुन्या स्कूटरला पेठेंतून घालविण्याचें काम भंगारवाल्यापेक्षां या रेघांनीं अधिक केलें आहे. संग्राहक आतां शहराबाहेर, सिंहगडाच्या किंवा पानशेतच्या वाटेवर, पत्र्याच्या आडोशाला गाड्या ठेवतात. ज्याला तेवढी जागा घेण्याची ऐपत आहे तोच संग्रह करूं शकतो. पेठेंतील मध्यम स्थितीच्या हौशी माणसाच्या हातीं एकच गाडी उरते, आणि ती देखील सोसायटीच्या सभेंत दर वर्षीं वादाचा विषय होते.

या तेजीकडे गुंतवणूक म्हणून पाहणाऱ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. जुन्या वाहनाचा भाव त्याच्या लोखंडाचा नसतो, तो कोणाच्या तरी बालपणाचा असतो. परदेशांत पहिल्या महायुद्धाच्या आधींच्या आणि दोन युद्धांमधल्या साध्या मोटारींना, एके काळीं संग्राहकांच्या ज्या लाडक्या होत्या, पूर्वींइतका उठाव राहिलेला नाहीं; त्या चालवून पाहिलेली पिढी निघून गेली. येथेंहि आज विशींत असलेला मुलगा बिनगिअरच्या स्कूटरवर वाढला आहे आणि त्याचा मुलगा विजेच्या स्कूटरवर वाढेल. चेतक हें नांवच २०२० सालीं विजेवर चालणाऱ्या, आवाज न करणाऱ्या गाडीला देण्यांत आलें. तिला तिरकी करावी लागत नाहीं आणि लाथहि मारावी लागत नाहीं. आर.एक्स.च्या ठणठणीत आवाजानें ज्याचें काळीज कधीं हललेंच नाहीं, तो तिच्यासाठीं लाख रुपये कशाला मोजील? आज चढ्या भावानें घेऊन पंचवीस वर्षांनीं विकूं म्हणणारा मनुष्य परक्याच्या आठवणीवर पैज लावीत असतो. जो चालविण्यासाठीं घेतो त्याचें मात्र कांहींच बुडत नाहीं.

राहतां राहिला कायदा. २०२१ सालीं केंद्र सरकारनें जुन्या वारसा-वाहनांसाठीं नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें उलटलेलें, मूळ स्वरूपांत राखलेलें दुचाकी वा चारचाकी वाहन या वर्गांत नोंदवितां येतें. नव्या नोंदणीस २०,००० रुपये पडतात. ती दहा वर्षें चालते, आणि पुनर्नोंदणीस ५,००० रुपये लागतात. अशी गाडी प्रदर्शनास, मिरवणुकीस, दुरुस्तीस अथवा पेट्रोल भरण्यास रस्त्यावर आणतां येते. रोजच्या येण्या-जाण्यास ती वापरतां येत नाहीं. दुसरीकडे साध्या नोंदणीचें नूतनीकरण दर पांच वर्षांनीं करावें लागतें. पंधरा वर्षांवरील दुचाकीसाठीं त्याचें शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ३०० रुपयांवरून १,००० रुपये झालें, आणि वीस वर्षांवरील दुचाकीसाठीं ऑगस्ट २०२५ मध्यें, दिल्ली व तिचा परिसर सोडून, तें २,००० रुपये करण्यांत आलें. पर्यावरण कर आणि तपासणीची खटपट निराळी.

१९७२ सालची पहिली चेतक २०२२ सालीं पन्नास वर्षांची झाली. त्यापुढें दर वर्षीं पेठेंतील आणखी कांहीं स्कूटरी त्या वयास येत आहेत. ज्या घरांत अशी स्कूटर आहे त्या घरापुढें दोन अर्ज आहेत. एकावर सही केली तर ती वारसा ठरेल, तिच्या पाटीवर निराळीं अक्षरें येतील, तिचा भाव वाढेल आणि ती ताडपत्रीखालीं जाईल. दुसऱ्यावर सही केली तर ती जुनाट गाडी म्हणूनच राहील, दर पांच वर्षांनीं तपासनिसासमोर उभी राहील, आणि सकाळीं एका अंगावर तिरकी होऊन, दोन लाथा खाऊन, मंडईकडे भाजी आणावयास निघेल.